महालक्ष्म्या उठेपर्यंत

सोमवारी दुपारी सोनोग्राफीच्या खोलीतून बाहेर येताना डॉक्टर मुग्धा मॅडमनी दार ओढून घेतलं, तेव्हाच गोपिकाला कळायचं ते कळलं. दहा वर्षांपूर्वी लेकीच्या, चिन्मयीच्या, वेळी ती ह्याच दवाखान्यात नऊ महिने येत होती. सगळं ठीक असलं की ह्या बाई दार सताड उघडं टाकून पुढच्या पेशंटला हाक मारत. आज त्या लावलेल्या दाराला पाठ टेकून उभ्या राहिल्या आणि सौरवकडे पाहून म्हणाल्या, "बाळाचे ठोके मिळत नाहीत. मी दोनदा पाहिलं, दुसऱ्या डॉक्टरांनाही बोलावून दाखवलं. बाळ गेलंय."

सौरव म्हणाला, "म्हणजे?" सदर भागातल्या ऑफिसात तीस माणसं ज्याच्या हाताखाली काम करतात त्या गोपिकाच्या धाकट्या दिराला दोन शब्दांचं वाक्य समजेना. आत, त्या दारापलीकडे, त्याची बायको रितिका पोटावरची जेल कागदाने पुसत बसली होती. तिला आधीच सांगून झालं होतं. तिच्या पोटात छत्तीस आठवड्यांचं, पुऱ्या वाढीचं बाळ होतं, आणि आणखी तीन दिवसांनी ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी, सावनेरला, जायची होती.

तासाभरात सगळं घर जमलं. गांधीबागेतलं कापडाचं दुकान अर्ध्यावर बंद करून सासरे रामाजी आले. गोपिकाचा नवरा सुशील आला. सासूबाई शोभाताई आल्या त्या तशाच, महालक्ष्म्यांच्या साडीत. तीन दिवस बसलेल्या ज्येष्ठा-कनिष्ठा त्या दिवशी सकाळीच उठल्या होत्या, मुखवटे अजून डब्यात जायचे होते, आणि शोभाताईंच्या बोटांवरची हळद अजून ओली होती. शेवटी सावनेरहून रितिकाची आई सुमती आली. ती आली आणि कॉरिडॉरमध्ये बसली ती एकदम खालीच, फरशीवर.

रडणं ओसरलं तसा वाद सुरू झाला. ह्या घरात दुःखालाही फार वेळ एकटं बसू देत नाहीत. मॅडमचं म्हणणं होतं की कळा आणायच्या गोळ्या देऊ, वेळ लागेल, कदाचित उद्यापर्यंत, पण बाळंतपण नेहमीसारखंच होऊ देऊ. हे ऐकून सुमतीचं डोकंच फिरलं.

"मेलेल्या लेकरासाठी माझ्या पोरीनं कळा काहून खायच्या?" ती म्हणाली. "पोट फाडा अन् काढून टाका. तिले गुंगी द्या. तिले काही कळू नका देऊ."

सौरव सासूच्या बाजूने झाला. रामाजीही झाले. सुशीलने आपल्या सवयीप्रमाणे दोन्हीकडे मान हलवली. आश्चर्य म्हणजे शोभाताईही विहिणीच्याच बाजूला गेल्या, आणि लग्नाच्या मानपानापासून एकमेकींचं तोंड न पाहणाऱ्या ह्या दोघी बाया दहा मिनिटं एका सुरात बोलल्या. मॅडमनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग त्यांनी सावकाश सांगितलं की बाळासाठी आता काहीच करायचं उरलेलं नाही, जे करायचं ते आईसाठी. ऑपरेशन केलं तर रक्त जास्त जातं, जखम पिकू शकते, आणि पोटावरचा तो छेद पुढच्या प्रत्येक बाळंतपणात आडवा येतो. जे बाळ हाती लागणार नाही त्याच्यासाठी तिला जन्मभराचा छेद द्यायचा का, हे तुम्ही ठरवू नका, तिला ठरवू द्या.

रितिकाला विचारायला गोपिका आत गेली. रितिका खिडकीकडे पाहत होती. म्हणाली, "नॉर्मलच करू, ताई. मले तिच्यासाठी एवढं तर करू द्या." मुलगी आहे हे कोणी सांगितलं नव्हतं, सांगतही नाहीत. तिने आपलं मनाशी धरलेलं होतं.

मॅडम कागद घेऊन आल्या. किती दिवस भरले, ताप होता का, पाय सुजले होते का, कुठे पडली-धडपडली का. सगळे पलंगाभोवती उभे होते. मॅडमनी विचारलं, "हालचाल कधीपासून कमी वाटत होती?"

गोपिका पलंगापासून एक पाऊल मागे सरली.

रितिका म्हणाली, "शनिवार रात्रीपासून. काल सकाळी मी ताईंना सांगितलं. ताईंनी आईंना विचारलं. आई म्हणाल्या, उद्या महालक्ष्म्या उठल्या की जाऊ."

मॅडमचं पेन थांबलं. सगळ्यांच्या नजरा शोभाताईंकडे वळल्या.

शोभाताई म्हणाल्या, "मले तं कोणी सांगतलंच नाही."

आणि हे खरं होतं. चाळीस वर्षं ज्या बाईने ह्या घरात सोयीप्रमाणे खरं-खोटं केलं, ती त्या क्षणी अगदी स्वच्छ खरं बोलत होती, आणि तिथे उभ्या असलेल्या कोणाचाही तिच्यावर विश्वास बसला नाही. एका गोपिकाशिवाय.

कारण गोपिकाने सासूला विचारलंच नव्हतं.

रविवार हा जेवणाचा दिवस. दीडशे पानं उठायची होती. शोभाताईंचे गुडघे गेले म्हणून त्यांनी ह्या वर्षी पहिल्यांदा महालक्ष्म्या थोरल्या सुनेच्या हाती दिल्या होत्या. अकरा वर्षं गोपिका ह्या घरात भाज्या चिरत होती. रितिका आली, शिकलेली, कमावती, लॅपटॉपवर बसून इंग्रजीत बोलणारी, आणि पाहता पाहता सासऱ्यांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांची लाडकी झाली. गोपिकाच्या वाट्याला काय, तर स्वयंपाकघर. त्या एका रविवारी मात्र ते स्वयंपाकघरच घराचा गाभारा होतं, आणि त्यात ती सोवळ्याने उभी होती, जिला कोणी शिवायचं नाही, जिच्या हातचंच सगळे जेवणार होते. सकाळी आठला रितिका उंबऱ्याबाहेर येऊन उभी राहिली.

"ताई, बाळ कमी हलून राहिलं. आईंना विचारता का? मी दवाखान्यात जाऊन येते."

गोपिका आंबील ढवळत होती. ती म्हणाली, नवव्यात बाळाला जागा पुरत नाही, चिन्मयीही अशीच गप्प झाली होती, काही गोड खा आणि डाव्या कुशीवर पड. विचारते म्हणून सांगितलं. पण विचारायचं म्हणजे काय, हे तिला माहीत होतं. दवाखान्यात नेलं आणि तिथे ठेवून घेतलं, बाळंत झाली, तर सोयर पडणार. सोयर पडलं की बसलेल्या महालक्ष्म्या अर्ध्यातून उठवायच्या, पानं वाढायची नाहीत, सोळा भाज्या आणि दीडशे माणसं तशीच परत. शोभाताईंच्या सासूच्या काळात एकदा असं झालं होतं आणि त्याच वर्षी घरातला कर्ता पुरुष गेला, हे दर भाद्रपदात सगळ्या सुनांना ऐकवलं जाई. गोपिकाच्या हातच्या पहिल्याच वर्षी महालक्ष्म्या मोडल्या असं लोकांनी म्हणायचं? दुपारी पंगती चालू असताना रितिका पुन्हा आली. त्या वेळी गोपिका न थांबता म्हणाली, "आई म्हणाल्या, उद्या उठल्या की जाऊ."

एवढंच. सासूच्या तोंडी एक वाक्य घातलं, जे सासू बोललीच असती अशी तिची खात्री होती. रितिकाने सौरवला सांगितलं, सौरव पंगतीत पुरणपोळ्यांवर तूप वाढत होता, तोही बरं म्हणाला. आणि रविवार कसा दृष्ट लागण्यासारखा पार पडला.

मॅडमच्या कागदावर आता ते सगळं उतरलं होतं, शोभाताईंच्या नावाने. सुमती उठून उभी राहिली.

"विहीणबाई, तुमच्या देव्या जेवल्या ना पोटभर?" ती म्हणाली. "माझ्या लेकीच्या लेकरावर जेवल्या त्या."

"माय शप्पथ, मले माहीत नव्हतं वं," शोभाताई म्हणाल्या.

सौरव आईकडे न पाहता म्हणाला, "आई, आता तरी खोटं नको बोलू."

शोभाताईंनी तेव्हा गोपिकाकडे पाहिलं. खूप वेळ नाही, पाणी पिताना माणूस पाहतो तितकंच. गोपिकाने पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं. सुशीलचा हात तिच्या कोपराला घट्ट लागला. त्याला सगळं माहीत नव्हतं, पण बायकोला ओळखण्याइतका तो हुशार होता. रामाजींनी बायकोला बाहेर नेलं, धरून नाही, पुढे चालत, आणि ती त्यांच्यामागे गेली.

संध्याकाळी पहिली गोळी दिली. कळांच्या खोलीत एकच बाई सोबत ठेवता येत होती. शोभाताईंचा प्रश्नच नव्हता. सुमतीचा रक्तदाब इतका चढला की तिलाच झोपवावं लागलं. रितिका म्हणाली, "ताईंना राहू द्या." म्हणून गोपिका राहिली.

त्या अठरा तासांबद्दल पुढे घरात कोणी कधी बोललं नाही. कळा तशाच येतात. बाळ जिवंत आहे की नाही हे कळांना माहीत नसतं. पडद्यापलीकडे दुसरी एक बाई होती, तिच्या पोटावरचं यंत्र तिच्या बाळाचे ठोके मोठ्याने वाजवत होतं, आणि तो आवाज पडद्याला अडत नव्हता. पहाटे नर्सने तो बारीक केला, पण तोवर उशीर झाला होता. ती बाई बाळंत झाली, बाळ रडलं, पेढ्यांबद्दल कोणीतरी काहीतरी बोललं आणि एकदम गप्प झालं. रितिकाने गोपिकाचा हात धरला होता. मॅडमनी दुखणं कमी व्हायचं पाठीतलं इंजेक्शन दिलं, तरी ती तो सोडेना.

"ताई, तुम्ही तरी सांगितलं होतं आईंना," ती एका कळेनंतर म्हणाली. "तुम्ही एकट्याच माझ्या बाजूच्या."

गोपिकाने तिच्या तोंडावरचा घाम पुसला. सांगावं, आत्ता सांगावं, असं तिला वाटलं, आणि मग वाटलं, कळा चालू असताना सांगू नये. ही सबब किती चांगली होती हे तिचं तिलाच कळलं.

मंगळवारी अकराला मुलगी झाली. झाल्यावर खोलीत जो आवाज व्हायला हवा तो झाला नाही. भांडी वाजली, नळ वाजला, नर्स काम करत राहिली. मॅडमनी विचारलं, पाहायचंय का? ह्या घरात अशा लेकराचं तोंड आईला दाखवत नाहीत, लगेच फडक्यात गुंडाळून पुरुषांच्या हाती देतात. गोपिका "नाही" म्हणायला तोंड उघडणार तोच रितिकाने हात पुढे केले. मुलीला भरपूर जावळ होतं. नखं वाढलेली होती, कापायला झाली होती. रितिकाने तिची दहाही बोटं एकेक करून उघडून पाहिली आणि म्हणाली, "सगळं तयार होतं."

मग रक्त सुरू झालं.

गर्भपिशवी आवळत नव्हती. मॅडमचा आवाज एकदम बदलला, चार माणसं धावत आली, मुलगी गोपिकाच्या हातात आणि गोपिका दाराबाहेर. बाहेर मॅडमचा सहायक सौरवला सांगत होता की इंजेक्शनं देतोय, आत फुगा घालून दाब देतोय, रक्त चढवतोय, पण नाहीच थांबलं तर गर्भपिशवी काढावी लागेल, सही करा. सौरवने सही केली. त्याला आपल्या नावातला 'व' नीट काढता आला नाही. रामाजी पुढे झाले आणि गोपिकाच्या हातातून नात घेतली. घाटावर न्यायला हवी होती, पण ते तिला घेऊन बाकावरच बसले, सून जगते की जाते हे कळेपर्यंत.

पाण्याच्या मशीनपाशी शोभाताई एकट्या उभ्या होत्या. काल दुपारपासून त्यांच्याशी कोणी बोललं नव्हतं. घरून आलेल्या डब्यातला घासही त्यांना कोणी विचारला नव्हता. गोपिका तिथे गेली.

"तू मले सांगतलं नव्हतं," शोभाताई म्हणाल्या.

"नाही."

"मंग माझ्या नावानं काहून सांगतलं?"

गोपिका रडू लागली. शोभाताईंनी तिला जवळ घेतलं नाही की दूरही केलं नाही. पेल्यातलं पाणी पिऊन संपवलं.

"सांगतलं असतं तरी मी थांबच म्हणली असती," त्या म्हणाल्या. "कालपासून हेच घोकून राहिली मी. मी थांबच म्हणली असती, मंग मी सुटली कशी? हे बोलून दाखवू नको कोणाले. माझ्यावर पडलं ते पडू दे. सौरव तं गेलाच माझा. सुशील अन् तू तरी राहा. तुले ह्या घरात अजून लय वर्षं काढाचे आहेत."

"पण आई..."

"चूप राय म्हणलं ना."

तिच्या अकरा वर्षांच्या संसारात सासूने तिच्यासाठी केलेली ही पहिली मोठी गोष्ट. गोपिकाला त्याचा आनंद झाला, आणि त्या आनंदाची तिला इतकी किळस आली की ती भिंतीला टेकली.

दीड तासाने रक्त थांबलं. पिशवी राहिली. तीन बाटल्या रक्त चढवून रितिका वाचली. मॅडम बाहेर येऊन म्हणाल्या की आता तिच्या जिवाला धोका नाही, पुढे मूलही होऊ शकेल, पण पुढच्या खेपेला पहिल्यापासून आमच्या नजरेखाली हवी. सौरवने विचारलं, रविवारी आणलं असतं तर? मॅडम म्हणाल्या, "कदाचित. कदाचित तेव्हाही उशीर झालेला असता. मला खरंच सांगता येणार नाही." हे उत्तर शोभाताईंना शिक्षेपेक्षा वाईट होतं. गोपिकालाही. मग रामाजी आणि सौरव त्या मुलीला घेऊन घाटावर गेले.

गुरुवारी दूध उतरलं.

दूध जिरवायची गोळी दिली होती, तरी उतरलं. बाळ नाही हे त्यालाही कोणी सांगितलेलं नव्हतं. रितिकाचा गाऊन दोन्हीकडून ओला झाला, छाती दगडासारखी झाली, ताप चढला. नर्सने थंड पट्ट्या द्या म्हणून सांगितलं. सुमती म्हणाली, आमच्याकडे छाती पट्टीने बांधतात, आणि लेकीचं सामान आवरायला ती महाल भागातल्या घरी गेली. ठरलं होतं सगळं. शुक्रवारी सुट्टी मिळाली की रितिका सावनेरला जाणार, आणि सौरव सदरकडे भाड्याने घर पाहणार. त्या घरात ती पुन्हा पाऊल टाकणार नव्हती. शोभाताई रोज येत आणि कॉरिडॉरमध्ये बाकावर बसून परत जात. खोलीत यायची त्यांना बंदी होती. बंदी रितिकाने घातली होती आणि सौरव ती पाळत होता.

गोपिकाने जुन्या मऊ धोतराची लांब पट्टी फाडून आणली होती. ती रितिकाच्या काखेखालून फिरवून बांधायला लागली. पहिल्याच वेढ्याला पट्टी भिजली.

"ताई, मी गेल्यावर तुम्ही येत जा सावनेरला," रितिका म्हणाली. "त्या घरातलं दुसरं कोणी मले नको. आईंचं तोंड पण नको. मी सौरवला सांगितलं, एक वेळ बाकी सगळं विसरेन, पण त्या डोळ्यात पाहून खोटं बोलल्या ते नाही विसरणार. तुम्ही होत्या म्हणून मी त्या खोलीतून जिवंत आली."

गोपिकाचे हात चालत होते. एक वेढा, दुसरा वेढा. गप्प राहणं आता किती सोपं होतं. सासूने पदरात घातलेलं, जावेनेही घातलेलं. फक्त गाठ मारायची आणि उठायचं. पण दूध तिच्या बोटांवरून मनगटाकडे ओघळत होतं, कोमट, आणि तिला ते सहन होईना.

"आई खोटं नाही बोलल्या," ती म्हणाली. "मी त्यांना विचारलंच नव्हतं. ते वाक्य माझं होतं. दीडशे पानं वाढायची होती, अन् मी पहिल्यांदाच..." तिने पट्टीची टोकं मुठीत धरली. "त्यांना खरंच माहीत नव्हतं, रितिका."

बाहेर ट्रॉलीचं चाक कुरकुरत गेलं. रितिकाने आपल्या अंगाभोवतालच्या गोपिकाच्या हातांकडे पाहिलं, पट्टीची दोन टोकं अजून त्या हातांत होती. त्या अठरा तासांत हेच हात तिने सोडले नव्हते. तिने ती टोकं एकेक करून गोपिकाच्या बोटांतून काढून घेतली. घाईने नाही, हिसकून नाही.

"बाहेर आई बसल्या असतील," ती म्हणाली. "त्यांना आत पाठवा. बाकीचं त्या बांधतील."

गोपिका उठली. मी थांबच म्हणली असती, हे सासूचं वाक्य तिच्या जिभेवर आलं. बोलली असती तर ती एकटी पडली नसती. दाराशी जाईपर्यंत तिने ते गिळलं, दार उघडलं, आणि बाकावरच्या सासूला म्हणाली, "आई, तुम्हाला बोलावलंय."

शोभाताई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. त्यांनी गोपिकाच्या तोंडाकडे पाहिलं, सगळं समजल्या, आणि काही न विचारता आत गेल्या. गेल्यावर त्यांनी दार आतून लावून घेतलं.